रहाटाला तेल

परीक्षेत मी कुत्र्याचंच उदाहरण लिहिलं. "अभिसंधान म्हणजे काय ते सोदाहरण स्पष्ट करा" असा प्रश्न होता, आणि ट्रेनिंग कॉलेजातल्या आम्हा सगळ्याजणींना एकच कुत्रा ठाऊक होता. रशियातल्या एका शास्त्रज्ञाने त्याला खायला देण्याआधी रोज घंटा वाजवली, आणि पुढे पुढे नुसती घंटा ऐकूनच त्या कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटू लागलं. घंटा आणि लाळ यांचा जन्मात संबंध नव्हता. तो बांधला गेला. उत्तर बरोबर आलं, पण लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे कुत्रा नव्हताच. आमची चौलची वाडी होती, विहिरीवरचा रहाट होता आणि खाटेवर पडलेले बाबा होते. ते लिहिलं असतं तर पेपर तपासणाऱ्या बाईंना वाटलं असतं की पोरीला काही येत नाही, म्हणून घरच्या गोष्टी सांगत बसली आहे. म्हणून ते तेव्हा राहिलं आणि आता लिहिते आहे.

आमची वाडी नारळी-पोफळीची. मधे विहीर, विहिरीवर लाकडी रहाट. डोळ्यांना झापडं बांधलेला रेडा गोल गोल फिरायचा, त्याच्याबरोबर रहाट फिरायचा, मातीच्या लोट्यांतून पाणी वर येऊन पन्हळीत पडायचं आणि तिथून पाटाने झाडांच्या आळ्यांत जायचं. याला आमच्याकडे शिंपणं म्हणतात. पावसाळा सरला की शिंपणं सुरू व्हायचं, ते पुन्हा मृग लागेपर्यंत. रहाट चालला की करकरायचा. त्याची करकर पार घरात ऐकू यायची, आणि ती यावी म्हणूनच त्याच्या कण्याला, म्हणजे आसाला, कुणी पुरतं तेल घालत नसे. "रहाट मुका करू नये," असं जुनी माणसं सांगत. करकर चालू आहे म्हणजे रेडा चालतोय, पाणी चढतंय, घरातल्या बाईने खुशाल भाकऱ्या थापाव्यात. करकर थांबली की समजायचं, रेडा फसवतोय.

बाबा रेड्याच्या मागे दांड्यावर बसायचे, आणि बसल्या बसल्या चक्क झोपायचे. मान छातीवर, तोंड उघडं, कधी कधी घोरणंसुद्धा. रेडा काही खुळा नव्हता. मालकाचा डोळा लागलेला त्याला झापडं बांधूनही कळायचा. तो पाय आखडते घ्यायचा आणि थांबायचा. करकर थांबली रे थांबली की त्याच क्षणी बाबांच्या तोंडातून निघायचं, "हाऽऽ, चल रेऽऽ!" डोळे मिटलेलेच, मान खालीच. रेडा मुकाट चालू लागायचा आणि बाबांचं घोरणं पुढे सुरू. आम्ही पोरं हसून लोळायचो. "बाबा निजतात, पण त्यांचं तोंड जागंच असतं," असं मी म्हणायचे, आणि "बापाला हसतेस, मेले," म्हणून आई पाठीत धपाटा घालायची. हसायची मात्र तीही.

आई आळ्यांकडे असायची, वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला. एक ओळ भिजून झाली की ती कमरेवर हात ठेवून ओरडायची, "भरलंऽऽ!" बाबा रहाटावरून उत्तर द्यायचे, "हो गोऽऽ!" आणि रेडा थांबवायचे. मग आई पाटाचं तोंड मातीने बुजवून पाणी पुढच्या ओळीकडे वळवायची आणि पुन्हा करकर सुरू व्हायची. दोघांचं दिवसभराचं बोलणं म्हणाल तर एवढंच. घरात माझे आजी-आजोबा होते तोवर त्यांच्यासमोर नवरा-बायकोने बोलायची रीत नव्हती. पुढे आजी-आजोबा गेले, पण रीत राहिली. बाबांनी आईला नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. 'गो' हेच तिचं नाव, आणि तेही वाडीच्या त्या टोकापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्याने घ्यायचं.

साठ सालानंतरची ही गोष्ट. मी मॅट्रिक होऊन मास्तरीण व्हायला ट्रेनिंग कॉलेजात गेले. तिथे मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाई होत्या. अगदी हळू आवाजात बोलायच्या आणि वर्गाला हादरवून सोडायच्या. त्यांनी आम्हाला वर्तनवाद शिकवला. माणसाच्या मनात काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही, म्हणून ते बाजूला ठेवा. बाहेरून काय आलं आणि त्यावर प्राण्याने काय केलं, एवढंच बघा. कुत्रा झाला, मग पेटीतला उंदीर आला. उंदराने दांडी दाबली की दाणा पडतो, म्हणून तो पुन्हा दाबतो. तो दाणा म्हणजे प्रबलन. दाणा पडेनासा झाला की दाबणंही हळूहळू विझतं, ते विलोपन. "आणि माणूस यापेक्षा फार वेगळा शिकतो असं समजू नका," बाई म्हणाल्या. मला असा संताप आला! म्हटलं, आमच्या आईबापांना उंदरांच्या पंगतीला बसवणाऱ्या ह्या कोण? नाकावर राग घेऊन मी तो सगळा धडा पाठ केला.

आणि त्याच वर्षी नवरात्राच्या सुमाराला बाबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि वाचा गेली. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा ते मागच्या पडवीत खाटेवर होते. डोळे सगळ्यांना ओळखत होते. तोंड उघडायचे, जीभ वळवायचे, आणि आवाज काही निघत नसे. मग ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. रेवदंड्याहून डॉक्टर येऊन गेले होते. हातापायांत थोडी ताकद येईल म्हणाले, वाचेचं काही सांगता येत नाही. आई मात्र त्या वाचेलाच धरून बसली होती. खाटेशी बसून ती विचारायची, "काय व्हतंय? कुठं दुखतंय? पाणी देऊ? माझ्याशी एक सबूद तरी बोला." ते नुसते बघायचे. एकदा चुलीपुढे बसून ती मला म्हणाली, "हात न्हाय हलला तरी चालंल गो बाय. मी हाय ना हात. पण माणूस समोर असून घर मुकं झालंय." मला रडू आलं, आणि रडू लपवायला मी तिच्यावरच खेकसले की लाकडं ओली का घातलीस.

शिंपणं तर सुरू करायलाच हवं होतं. त्यासाठी काका मुंबईहून रजा काढून आला. बाबांचा धाकटा भाऊ. गिरणीत नोकरीला होता; मशिनींना तेल घालत फिरायचं हे त्याचं काम. मनाचा फार चांगला, पण मुंबईला राहून त्याला सगळं झटपट लागायचं. "आता रहाट खलास, वहिनी," तो म्हणाला. "इंजिन बसवू. रेडा नागावच्या माणसाला देऊन टाकू, मी बोलून ठेवलंय."  बाबा उठायचे नाहीत तर रहाट कुणी चालवायचा, म्हणून आईने ते ऐकून घेतलं. इंजिन येईपर्यंत काकाने रेडा जुंपला. आई आळ्यांकडे गेली, पण ओळ भरली की ती नुसता हात वर करायची. मी विचारलं तर म्हणाली, "दिराला काय 'भरलं' सांगू? उत्तर देणारा माणूस खाटंवर हाय."

दुसऱ्या की तिसऱ्या सकाळी मी पडवीत बाबांचं अंग पुसत होते. रहाट करकरत होता. आमचं त्याकडे लक्षही नव्हतं; श्वासाकडे तरी कुणाचं असतं? तिकडे विहिरीवर काकाचा कान मात्र खाजत होता. गिरणीत करकर ऐकू आली की जॉबर म्हणजे मुकादम अंगावर येणार, म्हणून करकर कानी पडताच हात तेलाच्या बुधलीकडे जायचा, ही त्याची वर्षानुवर्षांची सवय. त्यात आजारी भावाला झोप लागावी ही माया. बुधली पिशवीतून बरोबर आलेलीच होती. लहानपणापासून ऐकलेलं 'रहाट मुका करू नये' तो पार विसरला, आणि चालत्या रहाटाच्या कण्यात त्याने मशिनीचं तेल ओतलं.

करकर बारीक होत गेली. मग तुटक झाली. मग थांबली.

बाबांचे डोळे मिटलेले होते. मान उशीवर कलंडलेली. आणि त्या बंद डोळ्यांच्या माणसाच्या तोंडातून, डॉक्टरांनी ज्याची आशा दिली नव्हती त्या तोंडातून, खणखणीत आवाज आला, "हाऽऽ, चल रेऽऽ!"

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. विहिरीवर मुका रहाट फिरतच होता, रेडा चालतच होता; मालकाचा आवाज ऐकून बिचाऱ्याने आणखी पाय उचलले. काका हातातल्या बुधलीसकट दांड्यावरून उडी मारून धावत आला. "दादा बोलला? दादाच ना?" बाबांनी डोळे उघडले. आमच्याइतकेच तेही चकित झाले होते. ते पुन्हा बोलायला गेले, तोंड वाकडं झालं, आणि आवाज नाही. आई चिखलाच्या पायांनी पडवीत आली, त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, "बोला. पुन्यांदा बोला. मला सांगा." काहीच नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी मात्र घळघळा वाहू लागलं. "बोलले," आई म्हणाली, "पण रेड्याशी बोलले."

मी तिथेच जमिनीवर बसले.  जी गोष्ट मी रागाने पाठ केली होती ती माझ्यासमोर खाटेवर पडून बोलली होती. बाबा बोलले नव्हतेच. शांतता झाली आणि शांततेने त्यांच्याकडून बोलवून घेतलं. करकर थांबणं आणि 'चल रे' यांची गाठ त्यांच्या आत इतकी पक्की बसली होती की झोपेत सुटली नाही, वारं जाऊनही सुटली नाही. आणि हो, काकाच्या हातातली बुधली! करकरीने त्याच्या हाताला बोलावलं, आणि करकर गेली तशी बाबांच्या जिभेला. कुत्र्याची लाळ मला हलकी वाटली होती. ही गाठ पाहून मात्र देवळात गेल्यावर जसं गप्प व्हायला होतं तशी मी गप्प झाले.

पुढे मला कळलं की असं होतं. नवं बोलणं जुळवणारी मेंदूतली जागा दुखावली तरी रोजचं, घोटलेलं बोलणं कधी कधी वाचतं. तेव्हा मला एवढंच कळलं होतं की आम्ही बाबांना चुकीचे प्रश्न विचारत होतो. "काय होतंय, कुठं दुखतंय?" उभ्या जन्मात त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. ह्या प्रश्नांशी त्यांच्या जिभेची गाठ कधी पडलीच नव्हती. मग कशाशी पडली होती?

"आये," मी म्हटलं, "तू खाटेपाशी नको बसू. तू वाडीत जा."

"मी कुठं जाऊ आता त्यांना टाकून?"

"त्या टोकाला जा. आणि 'भरलं' म्हणून ओरड. पूर्वी ओरडायचीस तशी."

 शेजारपाजारचे काय म्हणतील, नवरा अंथरुणावर आणि बाई वाडीत ओरडतेय, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग ती दुसरंच बोलली. "आणि न्हाय आलं उत्तर, तर?"  आईची ती भीती मला आज कळते. न विचारता आशा तरी शिल्लक राहत होती.

तरी ती गेली, आणि काका पुन्हा रहाटावर जाऊन बसला. ओळ खरोखर भरेपर्यंत थांबली. मी पडवीतून बघत होते, तिने घाई केली नाही. मग पाठ ताठ करून, कमरेवर हात ठेवून तिने हाक दिली, "भरलंऽऽ!" तो आवाज नारळींमधून घरापर्यंत आला.

"हो गोऽऽ!" बाबा म्हणाले.

लांबून मला दिसलं ते एवढंच, की आई खाली बसली. आळ्यातल्या पाण्यातच बसली, लुगडं भिजवत. नवऱ्याचा आवाज ऐकायला तिला नवऱ्यापासून इतकं लांब जावं लागत होतं.

त्या संध्याकाळी तिने काकाला सांगून टाकलं, "भावजी, इंजिन नको. त्याला हाक लागत न्हाय." काकाने आधीच निम्मं तेल फडक्याने टिपून काढलं होतं आणि उरलेलं निघावं म्हणून कण्यात राख घालत बसला होता. नागावच्या माणसाला निरोप गेला की रेडा द्यायचा नाही, आणि गिरणीला की काकाची रजा वाढवा.

नंतरचं सगळं आई आणि मी मिळून केलं. पुस्तकात होतं की एक गाठ पक्की असली की तिच्या जवळच्या गोष्टीलाही ती लागते, आणि मग आणखी जवळच्या. पायरी मात्र लहान हवी. म्हणून आईने घराच्या बाजूला एकेक ओळ सरकायचं ठरवलं. त्या टोकाच्या नारळी, मग अलीकडच्या, मग पोफळी. मला सुट्टी संपायची घाई. मी म्हटलं, "आये, ओळ भरायची कशाला वाट बघतेस? नुसतं ओरड." ती उसळली. "खोटं 'भरलं' म्हणू? ह्यांनी 'हो' म्हणायचं आणि मी पाणीच वळवायचं न्हाय? आज फसतील, उद्या उत्तर द्यायचे बंद होतील." विलोपन, माझ्या मनात आलं. दाणा पडायलाच हवा. बाबांच्या प्रत्येक 'हो गो'ला रेडा थांबायलाच हवा होता आणि पाणी वळायलाच हवं होतं. काका आता त्यांच्या आवाजावर रेडा थांबवत होता. खाटेवर पडून बाबा शिंपणं चालवत होते. त्यांनी भिंतीकडे तोंड करणं सोडलं. सकाळी कूस बदलून वाडीकडे बघत वाट पाहू लागले.

सगळं सरळ झालं असं मात्र नाही. पोफळींपाशी आल्यावर दोन सकाळी उत्तरच येईना. आई पुन्हा मागे नारळींत गेली, तिथून आवाज पक्का करून परत आली. कधी पडवीत माणसं बसलेली असली की बाबा गप्प. पुस्तकातल्या उंदराला पाहुण्यांची लाज नव्हती. पण दिवाळी सरून तुळशीचं लग्न लागलं तेव्हा आई मागच्या दारच्या मोगऱ्याशी येऊन पोचली होती. मोगऱ्याचं आळं भरायची, 'भरलं' म्हणायची. मग दारातली दगडी डोणी. मग पडवीतला हंडा. दरवेळी खरंच भरलेला. आणि गंमत अशी की, जवळ येईल तसा तिने आवाज कमी केला नव्हता. भीतीच वाटायची ना! हंड्याशी उभी राहूनही ती वाडीच्या टोकावरून ओरडावं तशी ओरडायची, आणि हातभर अंतरावरून बाबाही तसेच गरजायचे. रस्त्याने जाणारे थबकत असतील.

मी परत जायच्या आदल्या सकाळी ती तांब्या आणि पेला घेऊन खाटेपाशी बसली. कुणीच काही ठरवलं नव्हतं. तिने पेल्यात पाणी ओतायला सुरुवात केली. पेला काठोकाठ भरेपर्यंत ओतलं. थेंब सांडू दिला नाही. मग ती ओरडायला गेली आणि तिचा आवाजच बसला. कसंबसं, पुटपुटल्यासारखं तिच्या तोंडून आलं, "भरलं."

बाबांनी पेल्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. आणि अगदी हलक्या आवाजात, मी जन्मात कधी ऐकला नव्हता अशा आवाजात, ते म्हणाले, "हो गो."

शब्द कुठून आले ते मी सांगू शकते. कुत्रा, घंटा, नारळी, पोफळी, एकेक पायरी दाखवू शकते. पण तो हलका आवाज त्यांना कुणी शिकवला? रहाटावर बसून त्याची कधी गरज पडली नव्हती. पुढे कॉलेजात मी बाईंना हे विचारलं.  त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही." त्या दिवसापासून त्यांच्यावरचा माझा राग गेला.

आईने पेला त्यांच्या ओठाला लावला. ते प्यायले.

दुसऱ्या दिवशी मला एस.टी. गाठायची होती. मी पडवीत ट्रंक बांधत होते, आई आत चुलीपुढे भाकरी थापत होती. काका अजून उठला नव्हता. रेडा जुंपलेला नव्हता, कुठे काही भरत नव्हतं, कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं. बाबा छपराकडे बघत पडले होते.

"गो," ते म्हणाले.

आतून आईने सवयीने उत्तर दिलं, "ओऽ!" आणि मग तिची थाप थांबली.  तव्यावरची भाकरी करपल्याचा वास पडवीपर्यंत आला, तरी तिने ती उलटली नाही.